तीन कप्प्यांचा डबा

गुरुजींचा स्टीलचा डबा आता माझ्या दुकानात असतो. तीन कप्पे, वर कडी, आणि कडीच्या एका बाजूला सुतळीचा तुकडा बांधलेला. ती बाजू एकदा नसरापूरच्या फाट्यावर निसटली होती. माझं दुकान त्याच फाट्यावर, झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं. गिऱ्हाईक डबा बघतं आणि विचारतं, "जेवण व्हायचंय व्हय अजून?" मी नुसती मान हलवतो. डबा रिकामा आहे आणि तरी तिथं का आहे, हे काउंटरवर उभ्या असलेल्या माणसाला सांगायला वेळ पुरत नाही. गुरुजी गेल्या हिवाळ्यात गेले आणि त्यांच्या पत्नीनं, आमच्या काकूंनी, डबा मला दिला. म्हणून आता बसून लिहितो आहे.

गायकवाड गुरुजी भोरला आमच्या शाळेचे हेडमास्तर होते. उंचीनं बुटके. नीळ दिलेला पांढरा शर्ट, हातात छत्री, आणि शर्टाच्या खिशात खडूचा एक तुकडा. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी तो तुकडा खिशात होताच. कपडे धुवायला टाकताना काकू तो काढून ठेवायच्या आणि नवा शर्ट घालताना ते आठवणीनं परत घ्यायचे. वर्गात कुणी उत्तर दिलं की "शाबास" म्हणत नसत. "बरं, पुढे?" म्हणायचे. उत्तर बरोबर असो की चूक, "बरं, पुढे?" आम्हाला वाटायचं, या माणसाचं समाधान कधी होतच नाही.

त्यांची हट्ट करायची एक पद्धत होती, ती मी स्वतःच्या घरी पाहिली. नववी झाल्यावर वडिलांनी मला चुलत्याच्या टेम्पोवर क्लीनर म्हणून पाठवायचं ठरवलं. तिसऱ्या दिवशी गुरुजी एसटीनं आमच्या गावी, कामथडीला आले आणि आमच्या अंगणात बाजेवर बसले. आईनं चहा आणला. गुरुजींनी कप समोर ठेवून घेतला, पण उचलला नाही.

वडील कासावीस झाले. गुरुजी बौद्ध समाजातले, आम्ही शेतकरी मराठे. वडिलांना वाटलं, गुरुजी संकोच करतायत.

"घ्या की गुरुजी. आमच्यात तसलं काई न्हाई बगा."

"तसलं काही नाही हे मला ठाऊक आहे, नाना. तुम्ही दत्ताला शाळेत ठेवतो म्हणा, मी दोन कप घेतो."

वडील जमिनीकडे बघत बसले. चहा गार झाला. आईनं तो आत नेला, दुसरा आणला, तोही गार झाला. तिसऱ्या वेळी ती उंबऱ्यातूनच म्हणाली, "अवं, व्हय म्हना की एकदाचं. दूध सरत आलं."

वडिलांना हसू आलं, आणि हसता हसता ते हो म्हणून गेले. गुरुजींनी खरोखर दोन कप घेतले. मी पुढे बी.ए. झालो. आमच्या भावकीत पहिला. त्या दोन कपांमुळे मी आज या खुर्चीत बसलेलो आहे, हे मी कधी विसरत नाही.

गुरुजींना एकच मुलगी, सुजाताताई. बी.एड. झालेली, भोरला शिकवायची. तिचे यजमान मिलिंदराव शिरवळला एका कंपनीत मशीनच्या देखभालीचं काम करायचे. त्यांची मुलगी आर्या. घर चांगलं चाललं होतं. आर्या पाचवीत असताना मात्र सुजाताताईच्या एक गोष्ट ध्यानात आली. पोरगी आधी दिवसभर प्रश्न विचारायची. ती हळूहळू विचारेनाशी झाली. शाळा वाईट नव्हती, कुणी मारत नव्हतं. पण संध्याकाळी घरी येऊन गृहपाठ संपवून ती भिंतीकडे बघत बसायची. सुजाताताई स्वतः शिक्षिका. तिनं ते वर्षभर पाहिलं. मग नवरा-बायकोनं ठरवलं की नोकऱ्या सोडायच्या, वेल्ह्यापलीकडे, पासलीच्या अलीकडच्या वाडीवर मिलिंदरावांच्या आजोबांची दोन एकर पडीक जमीन होती तिथं राहायला जायचं, स्वतःचं खाणं स्वतः पिकवायचं आणि आर्याला घरीच शिकवायचं.

गुरुजींनी मला निरोप पाठवून बोलावून घेतलं. त्यांना वाटलं, शिकलेला मुलगा आहे, दोन शब्द समजावील. मी गेलो तेव्हा समजावण्याच्या पलीकडे गोष्ट गेलेली होती. भिंतीवर निळ्या कोटातली तसबीर, तिच्याखाली गुरुजी उभे, समोर सुजाताताई.

"माझी आई अंगठा उठवायची," गुरुजी म्हणत होते. "तिच्या अंगठ्यापासून तुझ्या बी.एड.पर्यंत यायला काय काय लागलं ते तुला माहीत आहे. आणि तू पाचवीत पोरीला घरी बसवतेस?"

"बसवत नाही आप्पा. शिकवते."

"आणि कुठं? ज्या वाडीतून मिलिंदरावांचे आजोबा अंगावरच्या कपड्यानिशी निघाले, तिथं?"

"ते मानासाठी निघाले. जमिनीनं काय केलं होतं?"

 गुरुजींनी तसबिरीकडे पाहिलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "ठीक आहे. आर्या दहावी पास होईपर्यंत मी तुझ्या घरी अन्नाला शिवणार नाही."

आमच्या अंगणातला तो न उचललेला कप मला आठवला. या वेळी पाच वर्षांचा प्रश्न होता. आणि गुरुजींना भीती कशाची होती, हेही मला दिसत होतं. त्यांच्या घरात पुन्हा एकदा अंगठा येईल याची. इतक्या कष्टानं उघडलेलं दार त्यांच्याच मुलीच्या हातून बंद होईल याची.

तीन महिने त्यांनी वाडीचं नाव काढलं नाही. श्रावणात एक दिवस फोन आला.

"दत्ता, शनिवारी दुपारी तुझं दुकान बंद असतं ना? मला वाडीपर्यंत सोडशील?"

ते भोरहून एसटीनं फाट्यावर उतरले. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात पिशवी. पिशवीत पाण्याची बाटली, तीन कप्प्यांचा डबा आणि शाळेचं असतं तसलं लांबट हजेरीपुस्तक, कोरं. मार्गासनी मागे पडली आणि तोरणा ढगात दिसायला लागला. मोटरसायकलवर मागून ते म्हणाले, "मी भेटायला चाललो नाही. तपासणीला चाललोय."

वाडीवर घर म्हणजे मातीच्या भिंती आणि वर पत्रे. ओटीवर आर्या विळीसमोर बसून भाजी चिरत होती. गुरुजींनी चपला काढल्या, ओटीवर बसले, हजेरीपुस्तक उघडलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "कुमारी आर्या!"

आर्यानं इकडेतिकडे पाहिलं, आणखी कुणाला बोलावतायत की काय. मग म्हणाली, "हजर."

"पट एक. हजर एक," असं म्हणत गुरुजींनी लिहिलं.

सुजाताताईनं पाण्याचा तांब्या आणून पुढे ठेवला. गुरुजींनी पिशवीतून बाटली काढली. ताई तिथंच उभी राहिली. तिचा आवाज चढला नाही.

"आप्पा, आजीच्या ओंजळीत पाणी लांबून ओतायचे, हे तुम्हीच मला सांगितलंय. कुणी आपल्या हातचं पाणी घेतलं नाही की तुम्हाला काय वाटायचं तेही सांगितलंय. आज तुम्ही माझ्या हातचं नको म्हणताय. का, ते एकदा बोलून सांगा."

मी अंगणात मोटरसायकलपाशी उभा होतो. जवळ जावं की लांब व्हावं ते कळेना. गुरुजींचा चेहरा इतका उतरलेला मी कधी पाहिला नव्हता. त्यांनी बाटली पिशवीत टाकली, तांब्या उचलला आणि अर्धा तांब्या पाणी एका दमात प्याले. ओठ पुसून म्हणाले, "ते माझ्या डोक्यातसुद्धा नव्हतं, पोरी. चुकलं माझं." मग तांब्या खाली ठेवला. "पाणी घेईन. जेवण दहावीनंतरच."

सुजाताताई हसली. म्हणाली, "बरं, पुढे?"

मग तपासणी सुरू झाली. एकोणतीसचा पाढा आर्याला आला नाही. गुरुजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू तो पाढा माझ्याकडूनच हरवला होता. मग त्यांनी त्यांचं आवडतं गणित घातलं. तीस वर्षं प्रत्येक वर्गाला घातलेलं. एक हौद एका नळानं सहा तासांत भरतो, दुसऱ्यानं तीन तासांत. दोन्ही सोडले तर किती वेळात?

"कुठला हौद?" आर्यानं विचारलं.

"कुठलाही."

"आपला का? आपल्याला नळ नाही, झऱ्याची पाइप आहे."

"बरं, तुमचा," गुरुजी वैतागून म्हणाले.

आर्या बादली आणि दोरी घेऊन गेली ती तासाभरानं आली. ओली चिंब. म्हणाली, "हौदात दोनशे बादल्या मावतात, दोरीनं मोजला. बादली भरायला तीन मिनिटं लागतात. म्हणजे दहा तास. पण आजोबा, आम्ही वैशाखात आलो तेव्हा एका बादलीला वीस मिनिटं लागायची. तेव्हा हौद भरायला जवळजवळ तीन दिवस जायचे. म्हणून बाबा भाजीला एक दिवसाआड पाणी देतात. तुमच्या हौदाचा नळ उन्हाळ्यातला की पावसाळ्यातला?"

गुरुजींनी खिशातला खडू काढला, हातात फिरवला, परत ठेवला. हजेरीपुस्तकात शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं : 'उत्तर चूक. काम बरोबर.' दुपार टळल्यावर ओटीच्या कोपऱ्यात बसून स्वतःच्या डब्यातलं जेवले.  परतताना नसरापूर जवळ आल्यावर मागून आवाज आला, "दत्ता, तीस वर्षं मी तो हौद भरत होतो. हौद बघितला आज."

त्यानंतर शनिवार चुकला नाही. पाऊस असो, ऊन असो, फाट्यावर छत्री दिसायची. सुजाताताई म्हणायची, "दिपोटी आले." जुन्या काळी शाळा तपासायला येणाऱ्या साहेबाला दिपोटी म्हणत. गुरुजींना ते नाव आवडलं होतं, पण तसं ते दाखवत नसत.

वाडीवरचं पहिलं वर्ष फार बरं गेलं नाही. तो किस्सा गुरुजींना हौसाबाईंनी सांगितला. हौसाबाई म्हणजे खालच्या अंगाला भात करणाऱ्या शेजारीण, साठीच्या पुढच्या, नऊवारी आणि गळ्यात मोबाईल. या बाजूला भाताचं रोप टाकायच्या आधी राब भाजतात. वाफ्यावर शेण, पाला, काटक्या पसरून पेटवायच्या. तणाचं बी जळतं, राखेवर रोप जोमानं येतं. सुजाताताई आणि मिलिंदरावांनी पुस्तकं वाचून ठरवलं होतं की पाला जाळायचा नाही. त्यांनी तो नुसता अंथरला. पाऊस पडला आणि वाफ्यात गवतच गवत.

"मी म्हनलं, मास्तरीणबाई, ह्यात रोप कुठंय?" हौसाबाई गुरुजींना हातवारे करून सांगत होत्या. "ह्ये तर गुरांचं झालं. म्या माझं उरलेलं रोप दिलं. म्हनलं, सावडीला या लावनीला. तर म्हनत्यात कशा, आमचं आमी करनार. आमाला कुनावर अवलंबून ऱ्हायचं न्हाई. मला लई राग आला. म्हनलं, आमचं रोप चालतं, आमची मानसं चालत न्हाईत व्हय?"

सावड म्हणजे आज सगळ्यांनी तुझ्या रानात राबायचं, उद्या सगळ्यांनी माझ्या. सुजाताताई शेजारीच होती. ती लाजून म्हणाली, "आप्पा, ही माझी मोठी चूक. स्वतःचं स्वतः पिकवायचं म्हणजे सगळं एकट्यानं करायचं असं मला वाटलं होतं."

"पुढे?" गुरुजी म्हणाले.

"पुढे काय, गेले मी. आठ दिवस त्यांच्या रानात वाकले, मग त्या आमच्या रानात आल्या. आणि या वर्षी आर्यानं दोन वाफे केलेत. एक राब भाजून, एक न भाजता. रोज रोपाची उंची मोजते."

गुरुजींनी आर्याची ती वही मागून घेतली आणि तासभर वाचली. शेरा काही लिहिला नाही, पण वही परत करताना दोन्ही हातांनी दिली.

दुसऱ्या वर्षी आषाढात त्यांनी मुलीला हौसाबाईंच्या रानात पाहिलं. गुडघाभर चिखलात, डोक्यावर इरलं, बायकांच्या ओळीत वाकून ती भात लावत होती. गुरुजी बांधावर थबकले. छत्रीतूनही पाणी गळत होतं. मला म्हणाले, "माझी आई अशीच दुसऱ्यांच्या रानात वाकायची, दत्ता. तिला कुणी परत राबायला यायचं नाही." मला वाटलं, आता ते माघारी फिरणार. फिरले नाहीत. त्या दिवशी पहिल्यांदा वाडीवर मुक्काम करतो म्हणाले. पिशवीत दुसऱ्या दिवसासाठी भाकऱ्या होत्या.

मीही राहिलो. सकाळी सुजाताताईच्या रानात चौदा बाया उतरल्या. हौसाबाई पुढे, त्यांचं गाणं मागे. दुपारपर्यंत खाचर हिरवं झालं. ओटीवर पंगत बसली. ताईनं रांधलेला भात, वरण, भाजी, नाचणीची भाकरी. सगळ्या बाया ताईच्या हातचं हक्कानं मागून घेत होत्या. कुणी आणखी मीठ मागत होतं, कुणी भाताला नावं ठेवत होतं. आणि गुरुजी एकटे कोपऱ्यात, पाठ भिंतीला लावून, डबा उघडत होते.

हौसाबाईंचा घास हातातच राहिला.

"गुरुजी, तुमी तितं वायलं का बसलाय? आमचं काई वावडं हाय व्हय तुमास्नी?"

 गुरुजींनी चौदा जणींकडे पाहिलं, मग स्वतःच्या कोपऱ्याकडे पाहिलं. त्यांच्या आयुष्यात ज्या कोपऱ्यात दुसऱ्यांनी त्यांच्या माणसांना बसवलं होतं, त्या कोपऱ्यात आज ते आपणहून बसले होते. ते उठले. डब्याचे तिन्ही कप्पे उचलून हौसाबाईंच्या शेजारी येऊन बसले.

"वावडं नाही, बाई. माझा नवस आहे."

"कसला?"

"नातीच्या दहावीचा."

हौसाबाईंनी डब्यात डोकावून पाहिलं. "म्हंजी मानूस पंगतीत आन् कालवन घरचं! द्या हिकडं ती वांग्याची भाजी." त्यांनी गुरुजींच्या डब्यातली निम्मी भाजी वाटून टाकली. गुरुजी भाकरी खात हसत होते.

त्या वर्षी कणगीत भात वर्षभर पुरेल इतका आला. मीठ, गूळ आणि चहा सोडला तर ते घर बाजारातून फारसं काही आणेनासं झालं. दिवाळीनंतर सुजाताताईनं मला बाजूला घेतलं. हातात दहा किलोची पिशवी. "दत्ता, हा तांदूळ भोरला आईला दे. आप्पांना कळू देऊ नकोस."

काकूंनी पिशवीत हात घातला, वास घेतला आणि पदर डोळ्यांना लावला. तेव्हापासून दर महिन्याला मी इंद्रायणीची पिशवी पोचवत होतो, आणि दर शनिवारी त्याच तांदळाचा भात गुरुजींच्या डब्यात बसून मोटरसायकलवर माझ्या पाठीमागून त्याच वाडीला परत जात होता. गुरुजी तो नवस पाळत मन लावून खात होते. मला पाप केल्यासारखं वाटायचं. काकू म्हणायच्या, "तू गप रे. त्यांचा हट्ट त्यांच्यापाशी, माझी चूल माझ्यापाशी."

हजेरीपुस्तकातला पट हळूहळू वाढला. वाडीतली सहा पोरं आठवडाभर शाळेत जायची आणि शनिवारी दुपारी ओटीवर यायची. आर्या नववीच्या वयाची झाली तेव्हा गुरुजी तिला मराठी आणि इतिहास शिकवू लागले. गणित-इंग्रजी ताईकडे, विज्ञान मिलिंदरावांकडे. मिलिंदराव फार कमी बोलायचे. वीज शिकवायची म्हणजे घरावरची सोलरची जोडणी सोडून पोरांपुढे ठेवायची आणि "लावा" म्हणायचं.

बाहेरून दहावीला बसण्याचा सतरा नंबरचा फॉर्म माझ्याच दुकानात भरला. आर्यानं स्वतः टाइप केला. शेवटी सहीचा रकाना आला. तिनं कागदावर ठसठशीत सही केली. गुरुजी ती सही बघत राहिले. फॉर्मची झेरॉक्स काढल्यावर म्हणाले, "आणखी एक काढ. मला हवी आहे."

काळजी मात्र त्यांना खाऊ लागली. पोरगी कधी तीन तास एका जागी बसली नव्हती. मग शनिवारी ओटीवर पाट, पाटावर गजराचं घड्याळ, आणि पेपर. पहिल्या वेळी आर्या पाऊण तासात तीनदा उठली. एकदा वासरू सुटलं म्हणून, एकदा कोंबडी ओरडली म्हणून, एकदा नुसतीच. गुरुजी म्हणाले, "परीक्षेच्या हॉलमध्ये वासरू सुटलं तरी उठायचं नाही." फेब्रुवारीपर्यंत ती तीन तास बसायला शिकली. मार्चमध्ये वेल्ह्याच्या केंद्रावर प्रत्येक पेपरला ते फाटकाबाहेर उन्हात उभे राहिले. मी म्हटलं, सावलीत बसा. म्हणाले, "मी आतापर्यंत नेहमी आतच होतो. बाहेर उभं राहणं काय असतं ते बघू दे."

निकालाचा दिवस आला. निकाल दुपारी एक वाजता लागणार होता. शनिवार नव्हता, तरी सकाळी साडेनऊला छत्री फाट्यावर हजर. मी गाडी काढली. त्या दिवशी खड्डा आला की पिशवीतला डबा जोरात खडखडायचा. मला वाटलं, सुतळी सैल झाली असेल.

वाडीत मोबाईलला रेंज नाही. घराच्या वर टेकाडावर एक मोठा दगड आहे, त्याच्यावर उभं राहिलं की दोन काड्या येतात. पाऊण वाजल्यापासून सगळे त्या दगडाभोवती. आर्या, ताई, मिलिंदराव, हौसाबाई, सहा पोरं. मी दगडावर मोबाईल धरून उभा. एक वाजला. पान उघडेना. नुसतं गोल गोल फिरत राहिलं.

"अरं, हात वर कर की," हौसाबाई खालून ओरडल्या.

मी हात वर केला. गुरुजी छत्रीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून दरीकडे बघत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही.

पान उघडलं. मी दोनदा वाचलं. आणि ओरडलोच, "पास! अठ्ठ्याहत्तर टक्के!"

पोरांनी दगडाभोवती नाच सुरू केला. हौसाबाईंनी आर्याच्या तोंडावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. ताई खाली बसली आणि दोन्ही हातांत तोंड धरून रडली. मिलिंदराव एकेक विषय पुन्हा पुन्हा वाचायला सांगत होते. गुरुजी हळूहळू वळले. आर्या त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली. त्यांच्या तोंडून शब्द नेहमीचेच निघाले.

"बरं, पुढे?"

"पुढे जेवायचं, आजोबा. मला भूक लागलीय."

"आणि त्याच्यापुढे?"

"भोरला अकरावीला जायचंय. कॉलेजात. तुमच्याकडे राहून. शनिवारी वाडीवर."

गुरुजींनी मुलीकडे पाहिलं. ज्या सुजाताताईनं तिला शाळेतून काढलं होतं, ती आता डोळे पुसत होती. "तिनं स्वतः ठरवावं एवढंच मला हवं होतं, आप्पा," ती म्हणाली. "जायचंय तर जाऊ दे."

ओटीवर पानं मांडली. सवयीनं ताईनं गुरुजींच्या पुढे फक्त पाण्याचा तांब्या ठेवला. गुरुजींनी डबा काढला, सुतळी सोडली, आणि तिन्ही कप्पे एकापुढे एक ओटीवर मांडले. तिन्ही रिकामे. धुऊन पुसून लख्ख केलेले.

"वाढ," ते म्हणाले.

ताईच्या हातातली पळी थांबली. मग तिनं पहिल्या कप्प्यात भात वाढला, दुसऱ्यात वरण, तिसऱ्यात भाजी. गुरुजींनी भाताचा पहिला घास घेतला, सावकाश चावला आणि म्हणाले, "हा तांदूळ माझ्या ओळखीचा आहे."

मी ताटाकडे बघायला लागलो.

"साडेतीन वर्षं डब्यात हाच होता. इंद्रायणीचा वास मला येत नाही असं वाटलं काय तुम्हाला? दत्ता, खाली काय बघतोस? तुझ्या गाडीला अजून तो वास येतो."

"मग आप्पा, तुमचा नवस?" ताईनं विचारलं.

"मी या घरी खाणार नाही म्हणालो होतो. माझ्या घरी काय शिजतं ते तुझ्या आईचं खातं. त्यात मी कधी लक्ष घातलेलं नाही."

हौसाबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. गुरुजींनी तीनदा भात घेतला. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतःच हात पुढे केला. जेवण झाल्यावर त्यांनी हजेरीपुस्तक काढलं, पट सात, हजर सात असं लिहिलं, आणि ते आर्याच्या हातात दिलं. "पुढच्या शनिवारपासून तू घ्यायची."

निघताना ताईनं तिन्ही कप्पे पुन्हा भरले, काकूंसाठी. मोटरसायकलवर गुरुजींनी डबा पिशवीत ठेवला नाही, पोटाशी धरून बसले. फाट्यावर भोरची एसटी उभीच होती. ते खिडकीपाशी बसले, डबा मांडीवर, त्यावर दोन्ही हात. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख झालं. निकाल एक वाजता लागला होता. डबा तर सकाळी भोरहून निघतानाच रिकामा होता.

मी खिडकीपाशी गेलो. "गुरुजी, डबा रिकामाच घेऊन निघाला होतात तुम्ही. पोरगी नापास झाली असती तर?"

कंडक्टरनं घंटी मारली. गुरुजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी अजून नववीत आहे.

"तर आज तिच्या शेजारी कुणीतरी जेवायला बसायला नको होतं का?" ते म्हणाले.

गाडी सुटली. मला दिसत राहिली ती खिडकी, नीळ दिलेला शर्ट, आणि वाफेनं ओलसर झालेल्या डब्यावरचे त्यांचे दोन हात.